तेल लागलेले कप

माझी बायको सिंधु गेली तेव्हा तिचे नऊ कप अर्धवट राहिले होते. मातीचे कप. तिनं स्वतःच्या हातानं केलेले, एकदा भाजलेले. त्यांच्यावर काच चढवून ते दुसऱ्यांदा भाजायचे राहिले होते. त्या काचेला ग्लेझ म्हणतात. हा शब्द मी सिंधूकडूनच पहिल्यांदा ऐकला.

आम्ही देवणीकडचे. शेत बटईनं लावलं आणि लातूरला मुलाकडे राहायला आलो. गावात सिंधु चुली घालायची, कणगी लिंपायची, दिवाळीच्या आधी घर सारवून काढायची. लातुरात गॅस आणि फरशी. तिच्या हातांना करायला काही उरलं नाही. मग आमच्या गल्लीत एका मुलीनं मातीकामाचा क्लास काढला, तर सिंधु सगळ्यांच्या आधी जाऊन बसली. बाकीच्या कॉलेजच्या पोरी आणि ही साठीची. पहिल्या दिवशी घरी येऊन म्हणाली, "एकीलाबी माती मळता येईना. मीच दिली मळून सगळ्यांची." इतकी खूष मी तिला लातुरात आल्यापासून बघितली नव्हती.

पुढे त्या मुलीचं लग्न झालं. ती भट्टी घेऊन पुण्याला गेली आणि क्लास बंद पडला. कप घरी आले. सिंधु म्हणायची, "ह्यांना हिरवा रंग द्यायचाय. कोवळ्या हरभऱ्यावानी. अन् मग सगळ्यांनी ह्यातच च्या प्यायचा." पण भट्टी कुठं शोधायची, रंग कुठून आणायचा, यात दिवस गेले. पौषात एका सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

काच नसलेल्या कपात चहा घेता आला नसता का? आला असता. पण आमच्याकडे मातीच्या कच्च्या भांड्याला तोंड लावलं की ते उष्टं झालं. ते धुऊन पुन्हा दुसऱ्याला देत नाहीत, फेकतात. काच चढवली की चालतं. सिंधूचे कप एकदा पिऊन फेकायचे हे मला जमणार नव्हतं. आणि नुसते कपाटात ठेवून बघत बसणंही जमेना.

मुलगा दयानंद म्हणाला, "अण्णा, शोकेसमध्ये छान दिसतात की. राहू द्या तसेच."

मी म्हणालो, "तिनं बघायला न्हाई केले. प्यायला केलेत."

"आणि तुम्ही रंग द्यायला जाल अन् बिघडले तर? परत कोण करून देणार?"

ते नऊच होते. दहावा होणार नव्हता.

माझी सून शिवांगी हिमायतनगरची. ती मला मामा म्हणते. दयानंद कामावर गेल्यावर ती फोन घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "मामा, लोक फोनवर बघून विहिरीची मोटार दुरुस्त करून राहिले. कपाला रंग देणं काय अवघड हाय? आपण व्हिडिओ शोधू. नव्यानं शिकणाऱ्यांसाठीचे."

तिनं शोधलं आणि एकाखाली एक इतके व्हिडिओ आले की माझा अंगठा दुखायला लागला तरी यादी संपेना. जगात इतके लोक मातीच्या भांड्यांना काच चढवत बसलेत हे मला माहीतच नव्हतं. खरं सांगतो, सिंधु गेल्यापासून सकाळी उठून काही करावंसं वाटणं बंद झालं होतं. त्या दिवसापासून ते परत सुरू झालं. चहा घेतला की मी फोन घेऊन बसायचो. शिवांगी पोळ्या लाटता लाटता विचारायची, "आज कोण?"

पहिला एक दाढीवाला गोरा माणूस होता. बोलत काहीच नव्हता. नुसते हात आणि मागे वाजंत्री. भांडं बुडवलं, काढलं, पुढच्या क्षणाला भाजून तयार. मधलं सगळं गायब. मी म्हणालो, "ह्यो शिकवत न्हाई, नुसते हात दाखवतोय."

दुसरी दिल्लीकडची पोरगी. ती बराच वेळ "दोस्तों, दोस्तों" करत राहिली आणि कप हातात घेण्याआधी तिनं चार ब्रशांची नावं सांगून टाकली, ते कुठून घ्यायचे तेही सांगितलं. शिवांगी म्हणाली, "मामा, हिचं ब्रशाचं दुकान असन."

तिसरा चांगला होता. वयस्कर, सावकाश बोलणारा. पण त्याची माती वेगळी, त्याची भट्टी लाकडाची, त्याचा रंग काळा. तरी त्याच्याकडून एक कामाची गोष्ट कळली. माती जेवढ्या उष्णतेची, तेवढ्याच उष्णतेचा ग्लेझ लागतो. कमी उष्णतेचा घेतला तर तो वाहून जातो, जास्तीचा घेतला तर वितळत नाही. आणि ज्या भांड्यात खायचं-प्यायचं त्याला शिसं नसलेलाच घ्यायचा. मी शिवांगीला म्हणालो, "पुण्याच्या त्या पोरीला फोन लाव. माती कोणती होती विचार." तिनं लावला. पोरगी लगेच बोलली. माती सांगितली, किती उष्णता लागेल ते सांगितलं, आणि मग आजींची आठवण येते म्हणून फोनवरच रडायला लागली. मी फोन शिवांगीकडे दिला.

आता कुठला व्हिडिओ घ्यायचा ते ठरवायला मला सोपं झालं. आपल्या मातीचा आणि आपल्या उष्णतेचा पाहिजे. बोलणारं माणूस पाहिजे. आणि तिसरी अट मी मनानं घातली. ज्याच्या व्हिडिओत एकही भांडं बिघडत नाही त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही. बैल विकणारा नुसतं चांगलंच सांगायला लागला की आम्ही देवणीच्या बाजारात तिथून उठायचो.

अशी शोधाशोध करताना एक बाई सापडली. नीलव्वा तिचं नाव. कपाळाला मोठं कुंकू, पदर खोचलेला, मागे अंगणात शेळी ओरडतेय. भांडी बुडवायचा व्हिडिओ होता, आणि पहिल्याच मिनिटाला तिच्या हातातून कप निसटून बादलीत पडला आणि ती हसली. पण बाई कानडी बोलत होती.

शिवांगी म्हणाली, "झालं. हिचं तर एक अक्षर कळंना."

"मला कळतंय."

"तुम्हाला कानडी येतं?"

"बैलाच्या बाजारापुरतं येतंय. अन् हिचं बोलणं बाजारासारखंच हाय. सरळ."

मग माझा तोरा काय विचारता. मी ऐकायचो आणि शिवांगीला मराठीत सांगायचो. नीलव्वा एक वाक्य बोलली की माझी तीन वाक्यं व्हायची. शिवांगी डोळे बारीक करून म्हणायची, "मामा, ती खरंच एवढं बोलली, का तुम्ही मनानं जोडून राहिले?"

"थोडं जोडतोय."

नीलव्वाचे एकूण पाच भाग होते. पहिला तयारीचा, दुसरा ग्लेझ कालवायचा, तिसरा बुडवायचा, चौथा भाजायचा आणि पाचवा बिघडलं तर काय करायचं याचा. मला घाई झाली होती. ग्लेझ कालवायचा आणि बुडवायचा भाग मी पुन्हा पुन्हा बघितला. अंगणात रिकामा स्टीलचा पेला बादलीत बुडवून हात बसवला. आत जाताना तिरका, एक श्वासभर थांबायचं, बाहेर काढून झटका द्यायचा. शेजारच्या बायका कठड्यावरून बघायच्या. त्यांना वाटलं असेल म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. मला त्याचं काही नव्हतं. पहिला भाग मी उघडलाच नाही. भाजलेले कप तयारच होते, आता कसली तयारी?

भट्टी औसा रोडला मिळाली. सिद्रामप्पा नावाचा माणूस घरावर लावायच्या मातीच्या नावाच्या पाट्या करतो. त्याच्याकडे विजेची भट्टी आहे. मूळचा उदगीरकडचा, मराठीत कानडी मिसळून बोलणारा. मी कपांची गोष्ट सांगितली तसा तो म्हणाला, "आणा री. ग्लेझ मी मागवून देतो. पण बुडवायचं तुमी. माझ्या हातून काय झालं तर मला जेवण जायचं नाही."

ग्लेझची पुडी आली. हिरवा रंग म्हणून मागवला आणि आत राखाडी पीठ. मी घाबरलो. सिद्रामप्पा हसला. म्हणाला, आगीत गेल्याशिवाय हिरवा होत नाही. नीलव्वानंही दुसऱ्या भागात हेच सांगितलं होतं, पण डोळ्यांना पटत नाही. पीठ पाण्यात कालवलं, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळलं. ताकाएवढं पातळ झालं.

कपांना हात लावायच्या आधी आम्ही पणत्यांवर करून बघितलं. सिंधूनं त्याच मातीच्या थोड्या पणत्या केल्या होत्या. त्या खोक्यात भुशात पडून होत्या. त्या बुडवल्या, बूड ओल्या स्पंजनं पुसून घेतलं आणि भट्टीत ठेवल्या. बुडाला ग्लेझ राहिला तर भांडं भट्टीतल्या फरशीला चिकटून बसतं. दुसऱ्या दिवशी शिवांगी आणि मी कपांची पिशवी घेऊन रिक्षानं गेलो. सिद्रामप्पानं झाकण उघडलं.

हिरव्या! कोवळ्या हरभऱ्याच्या घाट्याचा असतो तोच हिरवा. शिवांगीनं टाळ्याच वाजवल्या. मी पणती हातात घेऊन उन्हात धरली. चकाकत होती. मला पळत जाऊन कुणाला तरी दाखवावंसं वाटलं आणि ज्या माणसाला दाखवायची तेच नाही हे त्याच क्षणी ध्यानात आलं. पण हात थांबले नाहीत. मी म्हणालो, "सिद्रामप्पा, बादली घ्या. आजच कप."

पिशवीतून पहिला कप काढला. तिरका आत घातला, एक श्वासभर थांबलो, बाहेर काढला, झटका दिला.

ग्लेझ कपावर बसलाच नाही. म्हशीच्या पाठीवरून पाणी ओघळावं तसा ओघळून बादलीत गेला. इकडे दोन ठिपके, तिकडे एक ओघळ, बाकी माती उघडी.

"परत घाला," शिवांगी म्हणाली.

परत घातला. परत तेच. दुसरा कप घेतला. तोही तसाच. हात तोच, बादली तीच, माती तीच. पणतीवर बसतो आणि कपावर बसत नाही.

सिद्रामप्पानं तिसरा कोरडा कप हातात घेतला. त्यावरून अंगठा फिरवला. अंगठा नाकाशी नेला.

"किशनराव, ह्याला काय लावलंय?"

"तेल," मी म्हणालो. "करडईचं."

"कशाला?"

कशाला म्हणजे काय? नवा मातीचा तवा आणला की त्याला तेल लावतात. मडक्याला लावतात. सिंधूच म्हणायची, मातीला तेल पाजावं लागतं, न्हाई तर ती चिरती. ती गेल्यावर दर सोमवारी मी कप खाली काढायचो, फडक्यानं पुसायचो आणि बोटानं तेल लावून परत ठेवायचो. आतून, बाहेरून. कप पितील तेवढं पाजायचो. पणत्या खोक्यात होत्या म्हणून वाचल्या.

सिद्रामप्पा आधी हसायला लागला, मग माझ्याकडे बघून त्यानं कप खाली ठेवला. "तेलावर पाणी थांबंल का री?" एवढंच म्हणाला.

शिवांगीनं फोन काढला आणि नीलव्वाचा पहिला भाग लावला. मी न बघितलेला. नीलव्वानं भाजलेला कप हातात घेतला, कॅमेऱ्यासमोर धरला आणि म्हणाली, "एण्णी हच्चब्याड्री."

सिद्रामप्पा कपाळाला हात लावून म्हणाला, "तेल लावू नका. बाईचं पयलंच वाक्य हाय की हो हे!"

"मामा," शिवांगी म्हणाली, "कानडी येत होतं, मग पहिला भाग का न्हाई बघितला?"

मला हसावं का रडावं कळेना. मी तिथंच मातीच्या पोत्यावर बसलो. दयानंदचं बोलणं आठवलं. नऊच्या नऊ कप मीच तेलात बुडवून ठेवले होते, तेही मायेनं.

शिवांगी मात्र थांबली नव्हती. तिनं पाचवा भाग लावला, बिघडलं तर काय करायचं तो. फोन माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "ऐका. अन् या टायमाला मनानं जोडू नका."

नीलव्वा एक मोठा वाडगा दाखवत होती. त्याच्यावरही ग्लेझ ओघळलेला, अगदी माझ्या कपासारखा. ती म्हणत होती, माझ्या सासूनं हौसेनं ह्याला तेल लावलं, तिला वाटलं मी विसरले. मागून एका म्हातारीचा आवाज आला, मला नाव ठेवू नको म्हणून. नीलव्वा हसली आणि पुढे सांगायला लागली. लागलेला ग्लेझ धुऊन टाकायचा. वाळवायचं. मग भांडं पहिल्यासारखं पुन्हा नुसतंच भाजायचं. आगीत तेल जळून जातं. पण आग अगदी हळू चढवायची. तेल प्यालेली माती घाईनं तापवली तर तडकते. हळू तापवूनही कधीकधी तडकते.

शेवटचं वाक्यही मी शिवांगीला जसंच्या तसं सांगितलं.

ती म्हणाली, "मग? करायचं का न्हाई?"

सिद्रामप्पा म्हणाला, "मी हळू चढवतो. पण जबाबदारी माझी न्हाई. न्या घरी, विचार करा."

घरी नेले असते तर ते कपाटात गेले असते आणि मी पुढच्या सोमवारी परत काढून पुसत बसलो असतो, हे मला चांगलं माहीत होतं. एकच कप आधी भाजून बघावा असंही मनात आलं. पण नऊमधला कोणता पुढे करायचा? मला एकही निवडता येईना. मी म्हणालो, "सगळे ठेवा. एकदमच."

बुडवलेले दोन कप धुऊन उन्हात वाळवले आणि नऊही भट्टीत लावले. ते तापायला लागले तसा भट्टीच्या भोकातून धूर निघाला आणि औसा रोडच्या त्या शेडमध्ये तळणाचा वास पसरला. शेजारच्या पंक्चरवाल्यानं येऊन विचारलं, "आप्पा, भजी टाकली का?"

"हाव," सिद्रामप्पा म्हणाला. "बस. देतो."

आम्ही घरी आलो. मी जेवलो नाही असं नाही, जेवलो. पण भाजीत मीठ होतं का नव्हतं ते आठवत नाही. दयानंदनं विचारलं काय झालं. शिवांगीनं सगळं सांगितलं. मला वाटलं आता तो बोलणार. तो म्हणाला, "आई असती तर तुमच्यावर लई हसली असती, अण्णा." मग म्हणाला, "उद्या मी येतो संगं."

भट्टी उघडली तेव्हा आठ कप चांगले होते. कोरडे, फिकट, तेलाचा वासही नाही. नववा कानापासून खालपर्यंत तडकला होता. मी तो उचलला तसा कान हातात आला आणि कप तिथंच राहिला. मी दोन्ही तुकडे रुमालात बांधले आणि खिशात घातले. वाईट वाटलं, लई वाईट वाटलं. पण आठ समोर होते आणि बादली ढवळून तयार होती.

या वेळी पहिला भाग पूर्ण बघितला होता. साबणानं हात धुतले. शिवांगीनंही धुतले. दयानंदनं ऑफिसचा शर्ट काढून बनियनवर बादली ढवळली. कप बुडवला, श्वासभर थांबलो, काढला. झटका द्यायला हात उचलला आणि बघतो तर ग्लेझ जागच्या जागी. सगळीकडे सारखा. चुना मारलेल्या भिंतीसारखा.

"बसला!" मी ओरडलो. पंक्चरवाला परत बघायला आला.

आठही झाले. तीन शिवांगीनं बुडवले, एक दयानंदनं. त्याच्या कपाच्या बुडाला ग्लेझ राहिला म्हणून सुनेनं सगळ्यांदेखत त्याला झापलं. कप भट्टीत गेले आणि एक दिवस आम्ही तिघं घरात एकमेकांच्या पायात पायात करत राहिलो. दयानंदनं दोनदा सिद्रामप्पाला फोन करून उष्णता विचारली. सिद्रामप्पा दुसऱ्यांदा म्हणाला, "साहेब, बाळंतपणाला बसलाव का?"

उघडायची वेळ आली. सिद्रामप्पानं आधी तळहात झाकणावर ठेवून बघितला, मग मला म्हणाला, "बर्री, या. तुमीच काढा."

मी हात घातला. कप अजून कोमट होता. बाहेर काढला. हिरवा, पण पणतीसारखा एकसारखा हिरवा नाही. कुठं फिका, कुठं गडद. मला वाटलं परत काही चुकलं. मी तो उजेडाकडे फिरवला.

कपाच्या अंगावर गडद हिरवे खोलगट ठसे होते. एकापुढे एक, गोल फिरत वर गेलेले. कच्च्या कपावर मी ते कधीच बघितले नव्हते. दर सोमवारी हात फिरवूनही नाही. सगळी माती एका रंगाची दिसायची.

"हे काय झालं?" मी विचारलं.

सिद्रामप्पानं कप घेतला, बघितला आणि परत माझ्या हातात दिला. "बोटं हायत ही. हातानं दाबून कप करताना बोटं उमटतात. ग्लेझ पातळ असतोय, आगीत वितळला की खोलगट जागेत साचतोय. तिथं रंग गडद होतोय. आता दिसाया लागली."

मी एका ठशात माझं बोट ठेवलं. ते मावलं नाही. सिंधूची बोटं बारीक होती.

शिवांगीनं दुसरा कप काढला, दयानंदनं तिसरा. प्रत्येकावर ठसे होते. शिवांगीचं बोट मात्र बरोबर बसलं. तिनं ते काढलंच नाही. तशीच कप धरून उभी राहिली. दयानंद पाठ करून रस्त्याकडे बघत होता.

सिद्रामप्पानं शेगडीवर चहाचं भांडं ठेवलं. पंक्चरवाला म्हणाला, "आप्पा, मलाबी."

"सिद्रामप्पा," मी म्हणालो, "दूध किती हाय?"

"पुरंल सगळ्यांना."

"मग हेच कप विसळून द्या. ह्यातच ओता."